नर्मदा उजव्या हाताला, पाने सीटखाली

लडाखला किंवा कन्याकुमारीला निघालेल्या गाडीला जी अडचण नसते, ती नर्मदा परिक्रमेच्या गाडीला असते. नदी ओलांडायची नाही. ओंकारेश्वरला संकल्प सोडला की मैया कायम उजव्या हाताला ठेवून दक्षिण तटाने समुद्रापर्यंत जायचं, तिथून उत्तर तटाने अमरकंटक गाठायचं आणि उगमाला वळसा घालून पुन्हा दक्षिण तटाने ओंकारेश्वर. नदी १,३१२ किलोमीटर लांब. गाडीरस्त्याने दोन्ही तट मिळून तीन हजारांच्या आसपास होतात. आता समजा, परतीच्या वाटेवर गोटेगावजवळ गाडी बसली. जबलपूर जवळच, तिथे सगळे पार्ट मिळतात. पण जबलपूर उत्तर तटावर. तुम्ही जायचं नाही. दुसऱ्या कोणाला तरी पाठवा, नाहीतर पेटीत जे असेल त्यात भागवा.

आमची गाडी म्हणजे दादांनी १९९८ साली घेतलेली महिंद्रा कमांडर. डिझेल, २५२३ सीसी, पुढेमागे पाटे, चारी चाकांना ड्रम ब्रेक, कॉम्प्युटर औषधालाही नाही. गाडीत आई, मावशी, बायको आणि मी. ‘चांगली गाडी भाड्याने का नाही घेत?’ हे नात्यातल्या प्रत्येकाने विचारून झालं. जीप बंद पडली तर का पडली ते मला कळतं. नव्या गाडीत नुसता दिवा लागतो, आणि तो का लागला हे सांगणारं यंत्र शोरूममध्ये असतं. तयारी करताना मी एकच प्रश्न धरला होता: काय बिघडेल, आणि ते याच तीरावर कसं निस्तरता येईल?

१. कागद आधी.
पंधरा वर्षं उलटलेल्या खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नवं करून घ्यावं लागतं, महाराष्ट्रात वर पर्यावरण कर. चारचाकीची ही फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून एकदम ५,००० झाली. शिवाय पीयूसी, विमा, एचएसआरपी नंबरप्लेट. परराज्यात जुन्या गाडीला पोलीस जरा जास्तच प्रेमाने हात दाखवतात, म्हणून सगळं एका फाइलमध्ये आणि फाइल हाताशी. दिल्लीच्या बाजूला जाणार असाल तर दहा वर्षांवरच्या डिझेल गाडीचे तिथले नियम निघण्यापूर्वी नीट बघा. नर्मदाकाठी ती भानगड नाही.

२. गाडीचं काम निघण्याच्या महिनाभर आधी संपलं पाहिजे.
परिक्रमा चातुर्मास संपल्यावर सुरू होते. आम्ही मार्गशीर्षात निघणार होतो, म्हणून काम दिवाळीपूर्वी उरकलं. आमचे मिस्त्री म्हणतात, “भाऊ, नवा पार्ट त्याचा स्वभाव पहिल्या पाचशे किलोमीटरला दाखवतो. तो घराजवळ दाखवू द्या.” मग नाशिकहून सापुताऱ्याचा घाट, भरलेल्या गाडीने, तोही दुपारच्या उन्हात. एक होज क्लिप ढिली निघाली, एक नट कमी निघाला. घराजवळ निघाला, म्हणून त्याची किंमत चहापुरती.

यातून आणखी एक फायदा होतो. फॅनबेल्ट, रेडिएटरचा वरचा होज, डिझेल फिल्टरचे बोल्ट असं जे जे बदललं, त्यातलं धडधाकट सामान मी स्पेअर म्हणून ठेवलं. दुकानातला नवा बेल्ट ‘लागेल की’ म्हणून मिळतो. काढलेला बेल्ट याच गाडीला लागत होता, हे आपल्याला माहीत असतं.

३. पानापेटी दुकानात भरत नाही, गाडीखाली भरते.
तयार टूलकिट घेऊ नका. चकचकीत डबी, चाळीस सॉकेट, आणि नेमका हवा तो नाही. मी असं केलं: अंगणात जुनी चादर अंथरली आणि वाटेत ज्याला हात लावायची वेळ येऊ शकते असा प्रत्येक नट एकदा स्वतः उघडून परत आवळला. बेल्टचा टेन्शन बोल्ट, डिझेल फिल्टर, इंजेक्टरचे पाइप, बॅटरीचे टर्मिनल, चाकं, पाट्यांचे यू-बोल्ट, सायलेन्सरचे क्लॅम्प. ज्या पान्याने नट उघडला तो चादरीवर ठेवायचा. संध्याकाळी चादरीवर जे जमलं तीच पेटी. जे घरून आणलं पण चादरीवर पोचलं नाही, ते घरी राहिलं.

जीपमध्ये याला जास्तच अर्थ आहे. या गाडीचं घराणं अमेरिकन, त्यामुळे मिलिमीटरच्या नटांमध्ये इंचातले नट भेटतात. चार सुताच्या, म्हणजे अर्ध्या इंचाच्या नटावर १३ चा पाना चढतो, पण सैल चढतो. जरा जोर लावला की कोपरे गोल. साडेचार सुताच्या नटावर १४ चढतच नाही आणि १५ घसरतो. मिलिमीटरचा पूर्ण संच नेला आणि साडेचार सुताचा पाना विसरला, की रस्त्यात छिन्नी-हातोड्यावर यावं लागतं. माझ्या पेटीत शेवटी १०-११ पासून १८-१९ पर्यंतचे डबल पाने, त्याच मापांचे रिंग पाने, मोठे दोन, साडेतीन-चार-साडेचार सूत, पकड, नोज पकड, दोन स्क्रू ड्रायव्हर, हातोडी आणि कानस एवढं उरलं. स्क्रू पाना म्हणजे नट गोल करायचं यंत्र. न्यावा, पण सगळ्यात शेवटी हात लावावा.

पेटी सीटखाली. कॅरिअरवर बांधलेली पेटी पावसात उघडावी लागते, आणि तिच्यावर तोवर मावशीची वळकटी आलेली असते.

४. पाण्याकडे स्वतः बघा.
जुनी गाडी लांबच्या वाटेवर थांबते ती बहुतेक तापल्यामुळे, आणि तापते ती बहुतेक कोणीतरी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतल्यामुळे. त्यातले क्षार नळ्यांमध्ये बसतात. रेडिएटर खाली उतरवून साफ करून घेतला, मग डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. बाहेरून जाळीत अडकलेली माती आणि किडे इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूला पाणी मारून काढायचे, धार बेताची. जोरदार धारेने पत्र्याच्या पाकळ्या झोपतात. होज गार असताना बोटांनी दाबून बघायचा. कडक लागला किंवा वाकवल्यावर भेगा दिसल्या तर बदलायचा.

मग थर्मोस्टॅट. गॅरेजमध्ये याला ‘वॉल’ म्हणतात आणि सरसकट काढून टाकतात. “वॉल काढला की गाडी कधी तापतच नाही.” खरं आहे, पण मग ती गरमही होत नाही. अमरकंटकची उंची हजार मीटरहून थोडी जास्त. पौषात तिथे पहाटे गवतावर दहिवर गोठतं. वॉल नसलेलं इंजिन तिथे तासभर थंडच राहतं, पांढरा धूर सोडतं आणि डिझेल जास्त पितं. म्हणून मी वॉल टाकून न देता तपासला. स्वयंपाकघरात गॅसवर पातेल्यात पाणी ठेवलं, वॉल दोऱ्याने असा टांगला की तळाला टेकणार नाही. त्यावर ८२ कोरलेलं होतं, म्हणजे ८२ अंशांना उघडायचा. तळाशी बुडबुडे धरायला लागले तोवर काही नाही. मग पाणी उकळण्याच्या बरंच आधी मधली चकती हलली आणि पाहता पाहता बोटाच्या पेराएवढी वर आली. गॅस बंद केल्यावर हळूहळू बसली. वॉल ठणठणीत. मावशी दारात उभी राहून सगळं बघत होती. तिने एवढंच सांगितलं, “ते पातेलं आता चहाला नाही हं वापरायचं.”

५. फॅनबेल्ट.
अंगठ्याने मधोमध दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा. जास्त दबला तर पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर दोन्ही कमी फिरतात, अगदीच ताठ असला तर त्यांचे बेअरिंग खातो. स्पेअर पाहिजेच.

६. चाक हलवून बघायला दोन माणसं लागतात.
पुढचं चाक जॅकवर उचला. एक हात वर, एक हात खाली धरून आत-बाहेर हलवा. खडखड लागली तर मिस्त्री सांगणार ‘बेअरिंग’, आणि तुम्ही बेअरिंगचे पैसे देणार. थांबा. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खडखड गेली तर बेअरिंगच. तशीच राहिली तर किंगपिन. या खेळात बायकोने ब्रेक धरला आणि आमच्या डाव्या चाकाचा निकाल किंगपिनच्या बाजूने लागला. बेअरिंग साफ करून नवं ग्रीस भरलं तेवढं पुरलं, बुश मात्र बदलावे लागले.

टायरवर नक्षी किती उरली याच्याइतकंच त्याचं वय बघा. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. ३७१९ म्हणजे २०१९ सालचा ३७ वा आठवडा. उभ्या राहणाऱ्या गाडीची नक्षी टिकते आणि रबर मरतं. स्टेपनीचं तर हमखास.

ट्यूबवाल्या टायरला आजकाल लोक नाकं मुरडतात. आमचं माप ६.००-१६, आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचं मापही तेच. त्यामुळे ज्या गावात ट्रॅक्टर आहे त्या गावात आपली ट्यूब आहे. ट्रॅक्टरचा टायर मात्र रस्त्यावरच्या वेगासाठी नाही, तो घालायचा नाही. चाकाचे नट घरीच एकदा सोडवून, पुसून परत बसवावेत. काही जुन्या जीपना डाव्या बाजूला उलटे आटे असतात. हे माहीत नसलेला उत्साही मदतनीस पान्यावर उभा राहतो आणि स्टड तोडतो. जॅकखाली ठेवायला लाकडाचा रुंद ठोकळा न्या. घाटाकडे उतरणाऱ्या मऊ मातीत नुसता जॅकच आत जातो.

७. ब्रेक ऑइल पाणी ओढतं.
ते दिसत नाही. लांब उतारावर ड्रम तापले की तेच पाणी उकळतं आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. दोन वर्षांहून जुनं ऑइल असेल तर पूर्ण बदला, व्हील सिलिंडरचे रबर बघा, आणि ब्रेक ऑइलच्या जागी चुकूनही इंजिन ऑइल पडू देऊ नका. रबर फुगतात. बाकी घाटात ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं हे दादांचं वाक्य. ते मी गाडी चालवताना मोठ्याने म्हणतो, मागच्या सीटवर आई बरं वाटून घेते.

८. डिझेलने हवा धरली तर.
तयारीतलं हे एकच काम असं होतं जे मी सरावासाठी मुद्दाम करून बघितलं. पाइपमध्ये हवा शिरली की जुनं डिझेल इंजिन आचके देतं आणि मरतं. टो करायची गरज नसते, पण कुठला बोल्ट कधी सोडायचा हे माहीत हवं.

प्रत्यक्ष परिक्रमेत ती वेळ आलीच. डेडियापाड्याच्या पुढे साग आणि चढ सुरू होतो तिथे गाडी आचके द्यायला लागली. सकाळी ज्या पंपावर डिझेल भरलं तिथे बरोबरीला एकही ट्रक नव्हता, तेव्हाच मनात आलं होतं. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडला तर बाटलीत आधी पाणी आलं, मग डिझेल. फिल्टर बदलला. आता आत हवा. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन फेरे सोडला आणि बायको हाताचा पंप दाबत बसली. आधी फेस, मग बुडबुडे, मग मोठे थेंब, मग न तुटणारी धार. धार आली की स्क्रू आवळायचा, पंप दाबणं न थांबवता. तरी चालू झाली नाही, तेव्हा १७ च्या पान्याने इंजेक्टरच्या पाइपांचे नट अर्धा फेरा सैल केले आणि स्टार्टर मारला. एकेका नटातून डिझेल थुंकलं की तो नट आवळला. तिसरा नट आवळतोय तोवर इंजिनाने धरलं.

यात जीव कशात असेल तर तांब्याच्या वायसरांत. बोल्टाखालचे हे वायसर एकदा दबले की दुसऱ्यांदा नीट बसत नाहीत आणि तिथूनच परत हवा शिरते. दहा-बारा नवे वायसर म्हणजे मूठभरही नाहीत. दोन फिल्टर, वायसर, हातभर डिझेलचा रबरी पाइप आणि क्लिपा एका डब्यात. आणि डिझेल भरायचं ते ट्रकवाल्यांची रांग असेल तिथे.

९. करंट.
स्टार्टर मंद फिरला की लोक बॅटरी बदलतात. आधी इंजिनाकडून चासीला जाणारी अर्थची पट्टी बघा. तिच्या टोकाला गंज असतो. पॉलिश पेपरने घासून, आवळून, वर व्हॅसलीन. आमची निम्मी तक्रार तिथेच मिटली. फ्यूज प्रत्येक मापाचे जास्तीचे घ्या, हेडलाइटचे बल्ब दोन. या इंजिनाला एकदा चालू झाल्यावर चालत राहायला विजेची गरज नाही, म्हणून अमरकंटकला गाडी रात्री उतारावर, नाक खाली करून लावायची. पहाटे बॅटरी रुसलीच तर उतार आहे.

१०. पेटीतल्या फुकटच्या वस्तू.
बाइंडिंगची तार. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या: फुटलेल्या होजवर ओढून गुंडाळल्या की पुढच्या गावापर्यंत निभावतं. एम-सील, इन्सुलेशन टेप. कपडे धुण्याचा साबण: डिझेलच्या टाकीला बारीक चीर गेली तर त्यावर ओला न करता रगडायचा, साबण डिझेलमध्ये विरघळत नाही. रेडिएटर गळायला लागला की हळद टाका असा सल्ला ढाब्यावर हमखास मिळतो. गळती थांबते, कबूल. पण हळद भोकात बसते तशी बाकीच्या नळ्यांतही बसते, आणि मग वरच्या चौथ्या क्रमांकाचं सगळं पहिल्यापासून. हळद भाजीत बरी.

११. वजनाचा वाद घरातच मिटवा.
परिक्रमेत शिधा बरोबर घेतात. आईच्या हिशेबात दोन्ही वेळचा शिधा, वाटेत भेटणाऱ्या पायी परिक्रमावासींना द्यायचा शिधा आणि ‘असू दे’ म्हणून शिधा असे तीन भाग होते. मी पाट्यांचं दुखणं सांगितलं. ती म्हणाली, “तुझी पान्यांची पेटी किती किलोची आहे?” मग शिधा आणि पेटी दोन्ही वजनकाट्यावर ठेवलं. आकडा सांगत नाही, पण तडजोड झाली. तांदूळ-डाळ खाली, दोन्ही चाकांच्या मध्ये, कॅरिअरवर फक्त अंथरूण-पांघरूण. जीप उंच असते, वरचं वजन वळणावर कळतं. पाट्यांचा सेंटर बोल्ट एक जास्तीचा घेतला. तो तुटला की पाटा सरकतो आणि चाक तिरकं होतं, आणि बोल्ट असतो करंगळीएवढा.

१२. कुठे काय मिळतं याचा तटवार कागद.
दक्षिण तटावर शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात काळजी नाही. सवारीच्या जीपगाड्यांनी तो मुलूख भरलेला, कमांडरचे पार्ट किराणा दुकानात मिळाल्यासारखे मिळतात. अंकलेश्वरला सगळं मिळतं. उत्तर तटावर भरूच आणि पुढे जबलपूर. गरुडेश्वरला टेंब्येस्वामींच्या समाधीपाशी दिवसभर थांबणारच असतो, तो दिवस ग्रीसिंग आणि नट आवळण्याचा. डिंडोरी-मंडला भागात मात्र अंतरं मोठी आणि दुकानं थोडी. जबलपूर सोडण्यापूर्वी जे घ्यायचं ते घ्या, कारण अमरकंटकहून फिरलात की जबलपूर नदीपलीकडे गेलेलं असतं. ओंकारेश्वरला पोचल्यावरही घाई नको, ज्योतिर्लिंग बेटावर आहे, परिक्रमा पुरी होईपर्यंत तिकडेही जायचं नाही.

१३. दुसरा कोणी गाडी चालवणार असेल तर त्याला लिहून द्या.
समुद्राच्या मुखाशी परिक्रमावासी कठपोरहून बोटीने मिठी तलाईला जातात. भरतीचं पाणी चढलं की बोट सुटते. गाडी बोटीतून जात नाही, ती अंकलेश्वर-भरूचच्या पुलावरून फिरून येते आणि चालवायला संकल्प न केलेला माणूस लागतो. माझा भाचा सुरतेला नोकरीला आहे, तो आला. त्याच्याकडे बटण दाबून चालू होणारी गाडी. म्हणून मी कागदाच्या दोन्ही बाजूंनी जीपच्या खोडी लिहिल्या आणि डॅशबोर्डवर चिकटवल्या. दुसरा गिअर टाकताना क्षणभर मध्ये थांब. हॉर्न डावीकडे वळताना वाजत नाही. डिझेलचा काटा पावच्या खाली खोटं बोलतो. तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेला तर थांब, झाकण उघडू नकोस. इंजिन चावीने बंद होत नाही, स्टिअरिंगखालचं काळं बटण बाहेर ओढून धर.

आम्ही मिठी तलाईला उतरून चिखल धूत होतो तेव्हा त्याचा फोन आला.

“मामा, चावी काढलीय, माझ्या खिशात आहे, तरी जीप चालूच आहे!”

“कागद वाचलास का?”

“कुठला कागद?”